वारा नीट नाही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. धंदाच तसा. मी दातांची डॉक्टर. तीस वर्षं लोक माझ्यासमोर आ वासून बसतात आणि त्याच तोंडाने सांगतात, "दिवसातून दोनदा घासतो हो मॅडम." आ वासलेला माणूस जिथे खोटं बोलतो, तिथे तोंड मिटून हसणाऱ्यावर मी काय विश्वास ठेवणार? तेव्हा वारेमामांवर मी संशय घेतला यात नवल काही नव्हतं. नवल हे, की संशय खरा निघाला आणि तोंडावर पडले ती मीच.

वारेमामा आमच्या मैदानाचे राखणदार. मैदान म्हणजे वस्तीबाहेरचा एक लांबट गवताचा पट्टा. एका कडेला पत्र्याची शेड, शेडला चिकटून मामांची खोली, मधोमध खांब आणि खांबावर वारा दाखवणारं कापडी नळकांडं. त्याला आम्ही बाही म्हणतो. सुटीच्या सकाळी आम्ही नऊजण तिथे जमतो, पाठीला पंख्याचं इंजिन बांधतो, डोक्यावर कापडी पंख उभा करतो आणि दहा-बारा पावलं धावून उडतो. पॅरामोटर म्हणतात त्याला. आसपासचे लोक आम्हाला 'पंखेवाले' म्हणतात. एका पेशंटने तर मला घरचा छताचा पंखा बघायला बोलावलं होतं!

हसा खुशाल. पण आठवडाभर दुसऱ्याच्या जबड्यात वाकून माझी मान पार कामातून गेली होती. त्या दोन सकाळी मान वर करून जगायला मिळायचं. दुसरं मोकळं मैदान चार तासांच्या अंतरावर. हे गेलं, की माझं उडणं संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मामा मूळचे पोस्टमन. सत्तावीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. काटकुळे, कानात केस, शर्टाच्या खिशात कायम पेन. उडण्याचं नाव काढलं की हात जोडायचे. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा. पण वाऱ्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. बोट ओलं करून वर धरायचे, बाहीकडे बघायचे, मग म्हणायचे, "चला, घ्या देवाचं नाव." किंवा म्हणायचे, "वारा नीट नाही. दहानंतर बघू." मग आम्ही निमूट चहा पीत बसायचो. म्हणून ते वारेमामा.

अकरा वर्षं हे सुरळीत चाललं. मग मी वारा मोजायचं यंत्र आणलं.

पहिल्याच शनिवारी यंत्र सांगत होतं, ताशी सहा किलोमीटर. म्हणजे लोण्यासारखा वारा. आणि मामा म्हणतायत, "वारा नीट नाही." मी यंत्र त्यांच्या नाकापुढे धरलं.

"मामा, सहा आहे."

"इथे सहा असेल मॅडम. वर गडबड आहे."

"वर? तुम्ही कधी वर गेलात हो?"

मामा हसले. तोंड मिटून. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढच्या महिन्याभरात असं तीनदा झालं. वारा छान, मामांचा नकार, आणि बरोब्बर दहाच्या ठोक्याला 'घ्या देवाचं नाव'. वाऱ्याला घड्याळ कळतं होय?

शेवटी एका रविवारी मी उजाडताच मैदानावर पोचले. शेडमागे गाडी लावली आणि बसून राहिले. सव्वासहाला मामा सायकल काढून निघाले. मी मागोमाग, चालत. मैदानाच्या उतरणीला तीन घरं आहेत. पहिलं घोडेवाल्याचं, त्याच्याकडे दोन घोड्या. दुसरं एका निवृत्त मास्तरांचं. तिसरं नर्सबाईंचं, त्या म्हाताऱ्या आईबरोबर राहतात. मामा प्रत्येक फाटकाशी थांबले, फाटकावरची घंटी एकदाच वाजवली, काहीतरी बोलले. नर्सबाईंनी तर त्यांच्या हातात एक कापडी पिशवी दिली. मामांनी इकडेतिकडे बघून ती सायकलला अडकवली.

हा माणूस आमचं मीठ खातो आणि शेजाऱ्यांना जाऊन मिळालाय! पिशवी कसली? आमच्या तक्रारी? की तोंड बंद ठेवायची भेट? त्या दुपारी तर कहरच झाला. मामांनी माझा काळा चष्मा आणून दिला. "गवतात सापडला मॅडम." आदल्या दिवशी हवेत असताना तो नाकावरून निसटला होता, आणि गवताचा कोपरा न् कोपरा मी स्वतः धुंडाळला होता. गवतात नव्हता. मी "थँक्यू" म्हटलं आणि मनात म्हटलं, चोर तो चोर.

त्याच सुमाराला आमच्यात एक वकीलसाहेब नवे आले होते. उडायला बरे, बोलायला त्याहून बरे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मैदानाची वही कुठे असते?"

वही शेडमध्येच असायची, जाड पाठीची. तारीख, वारा, कोण उडालं, शेरा. शेऱ्याचा रकाना अकरा वर्षांत आम्ही कुणी वाचलेला नव्हता. वकीलसाहेबांनी वाचला आणि खुर्चीत ताठ बसले. प्रत्येक दिवसापुढे मामांचं मोत्यासारखं अक्षर, 'विचारलं. हो.' मधूनच एखाद्या दिवशी, 'विचारलं. घोडी व्यायली आहे. नको.' 'विचारलं. मास्तरांना ताप. नको.' आणि कितीदा तरी, 'विचारलं. नर्सबाई रात्रपाळी करून आल्या. दहानंतर.' मी वाऱ्याचा रकाना ताडून पाहिला. जिथे 'नको' किंवा 'दहानंतर', तिथे तिथे 'वारा नीट नाही'.

म्हणजे अकरा वर्षं आमचं विमानतळ तीन फाटकं चालवत होती! मी डॉक्टर, आमच्यात एक इंजिनिअर, एक बँकेतला साहेब, आणि आम्ही चहा ढोसत बसायचो कशासाठी, तर कुणाची तरी घोडी व्यायली म्हणून! माझं डोकंच फिरलं.

वकीलसाहेबांचं दुखणं वेगळं होतं. "मॅडम, रागाचं जाऊ द्या. हा शब्द बघा. 'विचारलं'. ठराविक उंची ठेवली की वस्तीवरून उडणं हा आपला हक्क आहे. कुणाला विचारायची गरज नाही. आणि या गृहस्थांनी अकरा वर्षं रोज लिहून ठेवलंय की आपण परवानगी मागत होतो. उद्या कुणी तक्रार घेऊन परवानगीच्या कचेरीत गेलं, तर म्हणेल, हक्क होता तर विचारत कशाला होतात?"

आम्ही मामांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"मामा, तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत," मी म्हटलं.

"हो मॅडम."

मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. इतकं सरळ 'हो' ऐकून मीच गडबडले.

वकीलसाहेब म्हणाले, "झालं ते झालं. आता एवढंच करा. 'विचारलं' खोडून सगळीकडे 'कळवलं' करा. आणि यापुढे कळवतच जा."

मामांनी खिशातलं पेन काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. "पण साहेब, मी कळवलं नव्हतं. विचारलं होतं."

"अहो, शब्दाने काय फरक पडतो?"

"फरक पडत नसता तर तुम्ही खोडायला कशाला सांगितलं असतं? कळवायचं असलं तर पत्र टाकावं. मी दारात जायचो. दारात गेलेला माणूस विचारतो."

"मामा, नसता शहाणपणा नको!" मी ओरडले. आज आठवलं की लाज वाटते. "वही दुरुस्त करा, नाहीतर किल्ल्या ठेवा."

किल्ल्या टेबलावर आल्या. संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. जाताना त्यांनी बाहीची दोरी घट्ट केली, तेवढं मी शेडच्या खिडकीतून पाहिलं.

वकीलसाहेबांनी तिन्ही घरांच्या पत्रपेट्यांत छापील कागद टाकले. 'दर शनिवारी व रविवारी सकाळी सात ते अकरा उड्डाणे होतील. आवश्यक उंची पाळली जाईल. सदर सूचना केवळ सौजन्य म्हणून देण्यात येत असून तीमुळे कोणाचाही कोणताही हक्क निर्माण होत नाही.' मला तो मसुदा फार आवडला होता, खोटं कशाला बोलू?

मग दोन महिने आम्ही सातच्या ठोक्याला उडालो. काय मजा आली म्हणून सांगू! कुणाचं 'दहानंतर' नाही, काही नाही. फक्त शेजारी आता वर बघून हात करत नव्हते. आधी करायचे, हे मला ते थांबल्यावर लक्षात आलं. आणि वस्तू हरवायला लागल्या. एकाचा हातमोजा गेला तो गेलाच. इंजिनाचे नट आवळायचा माझा तेरा नंबरचा पाना गेला. तो कुणी ढापला ते मला माहीत होतं. वकीलसाहेबांची नजर त्याच्यावर आधीपासून होती, म्हणून तर मी त्याच्या दांड्याला नेलपॉलिशचा लाल पट्टा ओढून ठेवला होता. मी एकदा त्यांच्या पिशवीत डोकावूनही पाहिलं.

दोन महिन्यांनी कचेरीतून बोलावणं आलं. नर्सबाईंची तक्रार. मैदानाची परवानगी चालू ठेवायची की नाही, यावर सुनावणी.

कचेरीची खोली लहान, भिंतीला हिरवट रंग, टेबलावर कागदांच्या चळती. साहेब वयस्कर होते, दर दोन वाक्यांनी चष्मा पुसायचे. वकीलसाहेबांनी आमच्या प्रत्येक उड्डाणाची उंची दाखवणारे नकाशे समोर मांडले. साहेबांनी एकेक पाहिला.

"उंची सगळीकडे नियमात आहे. आवाजाबद्दल तक्रार टिकत नाही बाई," ते नर्सबाईंना म्हणाले.

जिंकलो! मी मनातल्या मनात उडी मारली. तेवढ्यात नर्सबाईंनी पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. रुमाल सोडला. तेरा नंबरचा पाना. दांड्यावर लाल पट्टा.

"आई अंगणात ऊन खात बसली होती. तिच्या खुर्चीपासून दोन हातांवर पडला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, पेशंटचा ताप सांगावा तसा.

मी पुढे वाकून पट्टा पुन्हा पाहिला.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

टेबलाखाली वकीलसाहेबांचा बूट माझ्या पायावर आला. कानाशी कुजबुजले, "गप्प बसा. सिद्ध करायचं काम त्यांचं. बोलायची सक्ती नाही तुमच्यावर." हाही माझा हक्कच होता. आणि त्या लाल पट्ट्याबद्दल माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

मी त्या पान्याकडे बघत बसले. दोन हात. म्हातारीने पाणी प्यायला मान पुढे केली असती तर?

"माझा आहे," मी म्हटलं. बूट माझ्या पायावर एवढ्या जोरात दाबला गेला की मी कळवळले.

नर्सबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, "अकरा वर्षांत पुष्कळ पडलं यांचं. टोपी, मोबाईल, किल्ली. यांचा काळा चष्मा आमच्या पत्र्यावर पडला होता. सगळं मामांकडे पिशवीत घालून परत केलं. ते म्हणायचे, गवतात सापडलं म्हणून सांगतो, उगाच ओशाळतील."

ओशाळतील! मी त्या माणसाला चोर म्हटलं होतं.

"मग तेव्हाच तक्रार का नाही केलीत?" साहेब म्हणाले.

"तेव्हा विचारून उडायचे."

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "विचारून उडावं असं कलम नाही यात."

"ते माहीत आहे मला."

साहेबांनी चष्मा पुसला. "वस्तू पडण्याबद्दल मात्र कलम आहे. यावर सही केलीत की मैदान बंद." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. नर्सबाईंनी पेनचं टोपण काढलं. त्यांनी टोपण परत लावलं आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"महिनाभर बघते," त्या म्हणाल्या.

मी तशीच उठून मामांकडे गेले. ते बहिणीकडे राहत होते. ओट्यावर सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी सगळं सांगितलं. चोर म्हटल्याचंसुद्धा. ते बुडबुड्यांकडे बघत होते.

"मामा, माझं चुकलं. परत या."

"येऊन काय करू?"

"विचारायला."

"उडणार तुम्ही आणि विचारणार मी?" मामांनी ट्यूब पुसली. "तेच तर चुकलं माझं मॅडम. सगळं वाऱ्यावर ढकललं. खरं सांगायला हवं होतं तुम्हाला."

"सांगितलं असतंत तर पहिल्याच महिन्यात काढलं असतं तुम्हाला."

"हो. म्हणून तर नाही सांगितलं." आणि हसले. तसेच, तोंड मिटून. मग म्हणाले, "घंटी एकदाच वाजवा. घोडेवाल्याच्या कुत्र्याला 'शेठ' म्हणून हाक मारा, म्हणजे भुंकणार नाही. आणि नको म्हणाले तर 'का' विचारू नका. आणि आपल्या लोकांना खरं सांगा. माझ्यासारखं करू नका." मी शब्द दिला.

पहिल्या शनिवारी मी गेले. शेठ भुंकला नाही. घोडेवाला म्हणाला, "उडा की." मास्तरांनी मला आत बोलावून खुर्चीत बसवलं आणि आपली दाढ दाखवली. नर्सबाईंच्या फाटकाशी मी घंटीवरून दोनदा बोट मागे घेतलं, मग वाजवली. त्या ड्यूटीच्या कपड्यांतच बाहेर आल्या.

"आज उडू का?"

"नको."

'का' अगदी जिभेवर आला होता. गिळला. "बरं," म्हटलं आणि वळले. माझ्या पाठीला त्यांची नजर जाणवत होती. ही बाई काय डाव टाकतेय, हेच त्या शोधत असणार. मी असते तर मीही तेच शोधलं असतं.

दुसऱ्या शनिवारी 'नको'. तिसऱ्या शनिवारी 'नको'. मैदानावर मी सांगत होते, सुनावणीचं प्रकरण मिटेपर्यंत इंजिनं बंद. लोक कुरकुरत होते, वकीलसाहेब तर धुमसत होते. "हक्क वापरला नाही तर गंजतो मॅडम!"

चौथा शनिवार महिन्यातला शेवटचा. सोमवारी मुदत संपणार होती. पहाटेपासून आभाळ स्वच्छ, बाही जेमतेम हलत होती. मी घंटी वाजवली. एकदाच. नर्सबाई आल्या, केस सुटलेले, डोळे लाल.

"आज उडू का?"

त्यांनी कपाळ दाबलं. "आई रात्रभर झोपली नाही. आत्ता कुठे डोळा लागलाय." मग जांभई आवरत म्हणाल्या, "दहानंतर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"दहानंतर, दहानंतर. मामा आहेत का बरे?" आणि उत्तर न ऐकताच दार लावून घेतलं.

तो कागद? पर्समध्येच आहे त्यांच्या. सोमवारी कचेरीत गेला नाही, पण फाडलाही नाही. मीही फाडला नसता.

मैदानावर परत आले तर आठहीजण पंख पसरून तयार. वकीलसाहेबांनी वारा मोजायचं स्वतःचं नवंकोरं यंत्र आणलं होतं. "साडेपाच! मॅडम, असा वारा वर्षातून चारदा मिळतो! आज तुमचं काहीएक ऐकणार नाही."

मामांना शब्द दिला होता, खरं सांगायचं. मी मनाशी जुळवलंही होतं, की आजी झोपली आहे, मी विचारलंय, दहानंतर उडा म्हणाल्यात. मी आठ चेहऱ्यांकडे पाहिलं. पाहिलं की आत्ता वाद होणार, कलमं निघणार, आवाज चढणार आणि उतरणीखाली म्हातारीचा नुकता लागलेला डोळा उघडणार.

मी बोट ओलं केलं आणि वर धरलं.

"वारा नीट नाही," मी तोंड भरून खोटं बोलले. "दहानंतर बघू."

वकीलसाहेबांनी यंत्राकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, मग खाली तीन घरांकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. आणि मग माझ्याकडे. ती नजर मी चांगली ओळखते. मी तोंड मिटून हसले, शेडमध्ये गेले, चहाचं आधण ठेवलं आणि वही उघडून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'विचारलं. दहानंतर.'